फसलेल्या वृक्षारोपणाचे खड्डे

शहर वाढायच्या आधी नकाशा वाढतो. तो वाढवायचं काम काही महिने माझ्याकडे होतं. बेळगावच्या आसपासची काही गावं नव्या विकास आराखड्यात येणार होती, आणि कुठल्या जमिनीवर आज काय आहे हे प्रत्यक्ष बघून नोंदवायला कंपनीनं मला सांबऱ्याच्या विमानतळापलीकडचा भाग दिला होता. घर असेल तर पिवळा रंग, दुकान असेल तर निळा, पीक असेल तर हिरवा. काहीच नसेल तर कागद पांढरा ठेवून ‘रिकामी जागा’ असं लिहायचं. मी शहरातली, शिक्षकाच्या घरातली, नकाशे बिनचूक काढते म्हणून जरा शेफारलेली. गावातली माणसं माहिती देताना घोळ घालतात आणि आपण तो निस्तरायचा असतो, असा माझा ठाम समज होता.

त्यातल्या एका गावाच्या उत्तरेला, ज्वारीच्या शेतांमध्ये, दोनेक एकरांचा एक तुकडा होता. उताऱ्यावर सरकारी गायरान. मी गेले तेव्हा भर दुपार होती. गावातून येणारी पायवाट त्याच्या मधून सरळ पलीकडे जायला हवी होती. ती मात्र कडेनं मोठा वळसा घेऊन निघत होती. उन्हातान्हात माणसं लांबचा रस्ता उगाच धरत नाहीत, हे आमच्या कामात पहिल्या आठवड्यातच कळतं.

एक मेंढरंवाला कडेकडेनं चालला होता. एक मेंढरू आत शिरू लागलं तशी त्यानं काठी आडवी घातली. मी विचारलं, “इथं काय आहे?”

“काय न्हाय,” तो म्हणाला आणि थांबलासुद्धा नाही.

मागून डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली एक बाई आली. “काय न्हाय ओ,” तीही म्हणाली, आणि बोलताबोलता पदर ओढून तिनं त्या बाजूचा गाल झाकला. शेजारच्या शेतात पाणी पाजणाऱ्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, “तितं? काय न्हाय, मॅडम.” मी हात करून दाखवत होते. तिघंही माझ्या हाताकडे बघत होते, हाताच्या पुढे कुणीच बघत नव्हतं.

मग मी आत गेले. रिकामी जागा म्हणून आजवर जे जे बघितलं होतं, तिथं प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या, दारूच्या बाटल्या होत्या, सकाळी तांब्या घेऊन बसणाऱ्यांच्या खुणा होत्या. इथं साधी चिंधी नव्हती. गायरान म्हणायचं, पण शेणाचा पोसुद्धा नव्हता. आणि चारही बाजूंच्या शेतकऱ्यांनी आपापला बांध दोन हात मागं ठेवला होता. शेतकरी संधी मिळाली की वीतभर पुढं सरकतो, हे मी शपथेवर सांगते. मागं सरकलेला बांध मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

पाय ठेवीन तिथं जमीन जराशी दबत होती. डोक्यावरून एक विमान सांबऱ्याला उतरायला गेलं, त्याची सावली त्या तुकड्यावरून सरकली. विमानाचा आवाज विरल्यावर लक्षात आलं की तिथं दुसरा कसलाच आवाज नाही. ज्वारीवर पाखरं होती, पण ती बांधाच्या अलीकडे येत नव्हती. मला भीती वाटली. भर दुपारी उघड्या रानात, हातात टॅबलेट असताना भीती वाटते याची लाजही वाटली. म्हणून मी मुद्दाम मधोमध जाऊन उभी राहिले, लोकेशन घेतलं आणि ‘रिकामी जागा’ असं लिहून टाकलं.

पुढच्या आठवड्यात त्या गावाचे ड्रोनचे फोटो आले. ते सकाळच्या तिरप्या उन्हात काढलेले होते. जमिनीवर उभं राहून मला जे दिसलं नव्हतं, ते वरून स्वच्छ दिसत होतं. त्या तुकड्यावर लहान लहान खळगे होते, सगळे साधारण हातभर लांबीचे, एकमेकांना लागून, वाकड्यातिकड्या ओळींत, आणि प्रत्येक खळग्यात सावलीची एक बारीक कोर. मी ते मोजलेसुद्धा. काय असेल याचा मला लगेच उलगडा झाला, कारण मी हुशार होते ना. दरवर्षी कुणीतरी खड्डे काढतं, रोप लावतानाचा फोटो काढतं, आणि उन्हाळ्यात रोपं वाळून जातात. मी शेरा लिहिला, ‘वृक्षारोपणाचे खड्डे, रोपं जगलेली नाहीत.’ कंपनीतल्या साहेबांनी त्या बारकाईचं कौतुक केलं.

सरकारी, रिकामी, रस्त्यापासून जवळ आणि कुणाचा दावा नसलेली जागा आराखड्यात फार दिवस रिकामी राहत नाही. कच्चा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या तुकड्यावर कचरा वेगळा करायची शेड दाखवली होती. हरकती द्यायला लोकांना मुदत होती. त्या गावातून अजून एकही हरकत आली नव्हती.

मधल्या काळात काही फोटो धूसर निघाले म्हणून ड्रोन परत उडवला होता. नवे फोटो जुन्यांशी ताडून बघायचं काम माझ्याकडे आलं. सगळं जुळत होतं, फक्त त्या तुकड्यावर एक खळगा जास्त होता. मी परत मोजले. जास्तच होता. तो कोपऱ्यात होता, त्याची माती अजून काळीभोर दिसत होती आणि त्यावर कुणीतरी बाभळीच्या काटेरी फांद्या दाबून ठेवल्या होत्या. रोप नव्हतं. मी बराच वेळ तो मोठा करून बघत बसले. मग वैताग आला. शेडची जागा ठरली असताना तिथं खड्डे काढतंय कोण?

दुसऱ्या दिवशी स्कूटी काढून गावात गेले. तिथं सर्वेच्या दिवसांत मी एका आक्काकडं चहाला टेकायची. साठी ओलांडलेली विधवा बाई, हाताला उरक, जिभेला धार. तिचा दीर शेजारच्या खोलीत राहायचा, त्याला सगळं गाव आप्पा म्हणायचं. तो कट्ट्यावर बसला होता. मी आल्या आल्या चेष्टेला सुरुवात केली.

“आक्का, तुमच्या गावात झाडं जगत नाहीत, पण खड्डे काढायची हौस भारी. त्या उत्तरेच्या माळावर परवा अजून एक काढलाय बघा कुणीतरी.”

आप्पा उठला, पायात चपला न घालताच बाहेर निघून गेला. आक्कानं माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या हाताला पिठाचा वास येत होता.

“हळू बोल गं. भिंतीपल्याड बाळंतीण हाय.”

“मग? बाळ झोपलंय?”

“बाळ न्हाय,” आक्का म्हणाली.

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा आधी पायांखाली दबणारी ती जमीन आठवली. आक्कानं मला घरामागच्या परड्यात नेलं आणि पाठमोरी उभी राहून, कमी शब्दांत सांगितलं. दात यायच्या आत गेलेलं लेकरू जाळत नाहीत. दोन पुरुष त्याला घेऊन जातात, मिठासकट पुरतात, वर काटे ठेवतात आणि मागं न बघता येतात. आईला नेत नाहीत. कुठल्या जागी ठेवलं तेही तिला कधी सांगत नाहीत. आणि त्या माळाचं नाव कुणी घेत नाही, तिकडं बोट करत नाही.

“बोट केलं की ती जागा आनकी एक मागती,” आक्का म्हणाली. “म्हणून कोन इचारलं तर काय न्हाय म्हनायचं. पिढ्यान् पिढ्या तसंच म्हनत आलोय.”

मी ते तसंच लिहून घेतलं होतं. चपला घालून त्या माळावर उभी राहिले होते, हात लांब करकरून दाखवत होते, आणि मग मोजदाद केली होती. खोटं कशाला सांगू, शरमेच्या आधी मला त्या नव्या खळग्याची भीती वाटली. मी बोट दाखवल्यानंतरच तो झाला होता. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी त्या क्षणी होता.

शेडचं आणि वरून काढलेल्या फोटोंचं मी आक्काला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, “खणनार?”

“पाया खणतील. जेसीबी येईल.”

तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, “वरनं काढल्याला फोटू हाय म्हनालीस. दाव.”

मी फोनवर फोटो उघडला. चाळीस वर्षं त्या गावात राहून तिनं तो माळ कधी डोळे भरून बघितला नव्हता. ती फोन अगदी नाकाशी धरून एकेक खळगा बघत गेली.

“माजं ह्यातलं कंचं?”

मी फोटो आणखी मोठा करून दिला.

“एकवीस दिसांची व्हती,” ती म्हणाली. “नाव ठेवल्यालं. आमचे मालक आनी आप्पा घेऊन गेलते. मालकांनी कधी सांगितलं न्हाय. शेवटच्या दुखन्यात मी इचारलं, तर त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. आता दिराला कुठल्या तोंडानं इचारायचं? पन खणू देऊ नगो बाई. कुठं हाय म्हाईत न्हाय, पन हाय तर खरं.”

हरकतीची मुदत संपायला दोन दिवस होते. पंचायतीत पुरुष मंडळींना भेटले. सगळ्यांना शेड नको होती आणि कुणीही लिहून द्यायला तयार नव्हतं. एक जण म्हणाला, “लिवून दिलं म्हंजे बोट दावल्यासारकंच की, मॅडम. आमच्या घरात लेकीसुना हाईत.” मला त्यांचा इतका राग आला की मी तिथून चहा न पिताच उठले. वाटेत आठवलं, की ते काय लपवतायत ते मला माहीत आहे, आणि आपण होऊन मीही ते कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटी हरकत आक्कानं दिली. कंपनीच्या माणसानं लोकांना हरकत लिहायला मदत करायची नसते. मी केली. कानडीतला फॉर्म मी भरत होते, ती चुलीपाशी बसून सांगत होती. ‘जागेशी अर्जदाराचा संबंध’ या रकान्यापाशी मी अडखळले. मालक, कूळ, शेजारी, यातलं काय लिहू म्हणून विचारलं. “आई म्हनून लिव,” ती म्हणाली. मी लिहिलं, तिनं सही केली.

सुनावणीला आप्पानं तिला मोटरसायकलवरून बेळगावला आणलं आणि तो नगररचना ऑफिसच्या दारातच उभा राहिला. मला नकाशे घेऊन हजर राहायचं होतंच. सुनावणी घेणारे सरकारी साहेब सज्जन माणूस होते, त्यांनी आक्काला खुर्ची दिली. कानडीत, समजावून सांगावं तसं, त्यांनी अडचण सांगितली. गावाचं स्मशान नाल्याकडे आहे, ते नकाशात आहे. या जागेबद्दल कुठल्याच दप्तरात काही नाही. दगड नाही, नोंद नाही, आणि आमच्याच सर्वेत वृक्षारोपणाचे खड्डे म्हणून लिहिलंय. मी खाली मान घालून बसले. मग ते म्हणाले, पंच बोलावून एक खड्डा उघडून बघू, तसं काही निघालं तर शेड दुसरीकडं नेऊ.

 

आक्का कानडीतच म्हणाली, “उघडा. माझाच उघडा. निदान कुठं आहे ते तरी मला कळेल.” मग ती खुर्चीत वळली आणि दाराकडं बघत मराठीत म्हणाली, “आप्पा, सांग आता.”

आप्पा आत आला. टेबलावर मोठा करून छापलेला दुसऱ्या वेळचा फोटो पसरलेला होता. त्यानं माझ्या हातातून पेन घेतलं. फोटो फिरवून आधी बांध शोधला, मग पायवाट, मग तो त्यावर इतका वाकला की त्याचं कपाळ कागदाला टेकेल असं वाटलं.

“वैनी, ही आपली,” तो म्हणाला आणि त्यानं एका खळग्यावर ठिपका दिला. आक्कानं लगेच त्याच्यावर बोट ठेवलं.

आप्पानं पेन खाली ठेवलं नाही. त्याच्या बाजूला दुसरा ठिपका दिला. “ही धाकट्या आत्तीची.” तिसरा दिला. “हा मळ्यातल्यांचा. हा बी त्यांचाच.” गावातलं कुणाचंही असं लेकरू गेलं की न्यायला आप्पालाच बोलवायचे, हे आम्हाला त्या वेळी समजलं. त्याचा आवाज चढत नव्हता की कापत नव्हता. साहेब उभे राहिले. “बस, उघडायची गरज नाही,” म्हणाले, आणि तिथल्या तिथं कागदावर शेड हलवण्याचा शेरा मारून त्यांनी सही केली. आप्पानं ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. त्याला फोटो जवळ ओढायचा होता, पण आक्का बोट उचलेना. मग तो तिच्या बोटाभोवतीनं हात फिरवून पुढचे ठिपके देत राहिला.