हात न दाखवलेली बस

ही घटना माझ्या पोलिसातल्या नोकरीतली नाही, तरी नोकरीतल्या कुठल्याही तपासापेक्षा आधी तीच आठवते. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि लिहिण्याची सवय पंचनाम्यापुरती. सांभाळून घ्यावे.

निवृत्तीनंतर मी डब्लिनजवळ सिटीवेस्टला मुलीकडे गेलो होतो. एका दुपारी शेजारचा नागपूरचा इंजिनिअर घाबरून आला. त्याची आई सकाळी घराबाहेर पडली होती, अजून परतली नव्हती. फोन घरीच चार्जिंगला होता. मी त्याला आधी तिथल्या पोलिसांना कळवायला लावले.

मिसिंगच्या तक्रारीत आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, घरात काही बोलणे झाले का? मुलगा नाही म्हणाला. सवयीप्रमाणे मी सुनेला बाजूला घेऊन विचारले. ती म्हणाली, "काका, काल आईंना बसने एकटं फिरायचं होतं. हे म्हणाले, तुला जमणार नाही. हरवलीस तर नागपूरचं परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं करून घेईन."

म्हणजे बाई रागाने गेली नव्हती, जमते हे दाखवायला गेली होती.

तेवढ्यात मराठी मंडळींच्या ग्रुपवर एका विद्यार्थिनीचा निरोप आला. हिरव्या साडीतल्या एक आजी तिला बसमधून टाला या जवळच्या गावाच्या वाटेवरच्या थांब्यावर दिसल्या होत्या. ती जाताना आणि परत येताना, दोन्ही वेळा त्या तिथेच होत्या.

"आईच ती. चक्कर आली असेल," मुलगा म्हणाला.

मला मात्र माझा पहिला आठवडा आठवला. मीही तिथे थांब्यावर हात मागे बांधून उभा होतो आणि बस समोरून निघून गेली होती. तिकडे थांब्यावर उभे राहून भागत नाही, हात दाखवावा लागतो. ट्रॅफिकला असताना हाताने ट्रक अडवलेला माणूस मी, मलाही ते सुचले नव्हते. आपल्याकडे बस स्टँडवर आपणहून थांबते.

आम्ही गाडीने गेलो. बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जाताना दुसऱ्या कोणी हात केला असावा, त्यांच्या लक्षात आले नव्हते.

"एकही थांबून नाही राहिली रे," त्या मुलाला म्हणाल्या. "वाटलं, मला घ्यायचंच नसेल त्यांना."

मी हाताची गोष्ट सांगितली. त्या हसल्या. मुलाने गाडीचे दार उघडले, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"आता बसनंच येईन मी. तू हो पुढे."

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "येऊ द्या. मी आहे सोबत."

बस दिसताच त्यांनी हात पुढे केला. बस थांबली. उतरताना सगळे ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात, त्याही म्हणाल्या, जरा मोठ्यानेच.

मुलगा सिटीवेस्टच्या थांब्यावर आधीच येऊन उभा होता. त्याने पिशवी घेतली आणि विचारले, "उद्या कुठे जायचंय?" तिकिटाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

सापडलेल्या माणसाला जीपमध्ये बसवून घरी सोडले की प्रकरण बंद, असा आमचा शिरस्ता. त्याला स्वतःला काय हवे आहे, हे मी इतक्या वर्षांत कोणाला विचारल्याचे आठवत नाही. आता नोकरी नाही, पण कोणाला मदत करण्याआधी विचारतो.