अच्छाडचे चिकू आणि चारोटीची बॅटरी

डहाणूला बदली झाली तेव्हा मी उपनिरीक्षक होतो आणि एखादी मोठी केस आपल्या हातून व्हावी, एवढीच माझी इच्छा होती. वाट्याला येत होते ते ट्रकमधलं डिझेल चोरणारे. त्यामुळे तुरुंगातल्या एका कैद्याने ‘हत्यारांबद्दल सांगायचंय’ असा निरोप पाठवला आणि साहेबांनी जबाबासाठी मला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मी आदल्या दिवशी केस कापून घेतले. जणू पेपरात फोटोच येणार होता.

कैदी तलासरीकडचा. हायवेवर ट्रक लुटणाऱ्या टोळीतला, पण बोलायला मऊ. अतिरेकी कारवायांच्या आरोपाखाली धरलेला एक जण त्याच्या बराकीत होता.

“साहेब, आमचा म्होरक्याही आतच आहे. तो माणूस त्याच्याशी हत्यारांचं बोलत होता. दोघांचा माल एकाच ठिकाणचा.”

गुजरातच्या सीमेवरच्या अच्छाड नाक्यावर माझा आधीपासून डोळा होता. मी खुर्ची पुढे ओढली. “कुठला? अच्छाडचा?”

“हो, अच्छाडचाच.”

“नाक्याजवळचा ढाबा?”

“ढाबाच साहेब.”

“फोनवर वेगळ्या नावाने बोलत असतील.”

त्याने इकडेतिकडे पाहिलं. “चिकू म्हणतात.”

मोबाइलवर हे सगळं रेकॉर्ड होत होतं. परत येताना मी मनातल्या मनात पत्रकार परिषदही घेऊन टाकली.

आता डहाणूत चिकू या शब्दावर पाळत ठेवायची म्हणजे समुद्रावर बसून लाटांवर संशय घ्यायचा. तरी मी अच्छाडच्या ढाब्यावर लुंगी नेसून क्लीनरच्या वेशात जाऊन बसलो. ढाबेवाल्याने लांबूनच विचारलं, “साहेब, चहा साधा की स्पेशल?”

तेवढ्यात शेजारच्या बाकावरचा माणूस फोनवर म्हणाला, “गंजाडहून चिकू निघालेत ना? माल कडक आहे, कोणाला हात लावू देऊ नका.”

मी कान टवकारले. तासाभरात टेम्पो आला आणि आम्ही तो अडवला. ड्रायव्हरच्या शेजारी बागेची मालकीणबाई बसली होती. मी एकेक खोका उघडायला लावला. वरच्या थरात चिकू, मधे चिकू, तळाशीही चिकू.

“काय शोधताय साहेब?” बाईंनी विचारलं.

“आम्हाला माहिती मिळाली होती.”

“चिकूंची? मला विचारायचं होतं, मी सांगितली असती.”

मग माझे शिपाई आणि मी, सगळे मिळून रस्त्याच्या कडेला बसून खोके भरत होतो. बाई उभ्या राहून “दाबू नका” म्हणत होत्या. लुंगी सावरत मी चिकू रचत होतो.

साहेबांनी लेखी अहवाल मागितला, म्हणून रेकॉर्डिंग लावलं. कैद्यापेक्षा माझाच आवाज जास्त होता. प्रश्नही माझे आणि उत्तरंही माझीच. चिकू सोडले तर तो बिचारा फक्त ‘हो’ म्हणत होता. एकदाच तो आपणहून म्हणाला होता, “साहेब, चारोटीला एक बॅटरीवाला आहे...” आणि त्यावर मी: “ते राहू दे रे, अच्छाडचं बोल.”

एकटाच होतो, तरी आवाज बारीक केला.

परत तुरुंगात गेलो. या वेळी तोंड मिटून बसलो. मला ते किती जड गेलं ते मलाच ठाऊक. हळूहळू तो बोलू लागला. टोळीला गावठी कट्टे देतो तो चारोटीचा, ट्रकच्या बॅटऱ्या विकणारा बॅटरीवाला. अतिरेकी म्हणून धरलेल्याने हत्यार कुठे मिळतं एवढंच विचारलं होतं, आणि म्होरक्याने त्याला शिवी देऊन हाकललं होतं.

“मग दोघांचा माल एक, असं का सांगितलंस?”

“नुसत्या बॅटरीवाल्यासाठी तुम्ही इथवर आला असता का?”

मी कापून घेतलेल्या केसांवरून हात फिरवला.

“माझा मेहुणा लागलाय त्याच्याकडे. आज बॅटऱ्या उचलतो, उद्या कट्टे पोचवील. बहिणीचं घर बुडेल साहेब.”

चारोटीच्या दुकानात बॅटरीच्या रिकाम्या खोक्यांत दोन कट्टे सापडले. टोळीला हत्यारं दिल्याचं मालकाने कबूल केलं. अतिरेक्यांशी संबंध कसून तपासला, पण काही निघालं नाही. मेहुण्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. जबाब घेऊन त्याला सोडलं. पेपरात चार ओळी आल्या, त्याही फोटोशिवाय.

पुढे कैद्याला तारखेला कोर्टात आणलं तेव्हा मी मुद्दाम गेलो. तपासातल्या संयमावर दोन शब्द बोलावेत, असं ठरवून गेलो होतो. त्याने मला पाहिलं आणि विचारलं, “मेहुणा घरी आहे ना?”

“आहे. भाताच्या कापणीला जातो.”

“बरं झालं,” तो म्हणाला आणि शिपायाबरोबर आत गेला. संयमावरचे माझे दोन शब्द माझ्यापाशीच राहिले.