भिंगाखालचा तीन

घड्याळातल्या तारखेवरचं भिंग कसं काम करतं, असं गिऱ्हाईक विचारतं तेव्हा मी वर्तमानपत्र पुढं ओढतो. कागदावर भिंग टेकवलं तर अक्षर आहे तेवढंच राहतं, जरा वर उचललं की फुगतं. घड्याळाच्या काचेवर चिकटवलेल्या भिंगाचंही तेच. ते पुरेसं फुगीर हवं, तारखेच्या चकतीपासून नेमकं उंच हवं आणि खिडकीच्या बरोबर मधोमध हवं. नकली घड्याळात यातलं एकही धड नसतं. आकडा मोठा होत नाही, आणि भिंग सरकलेलं असलं की त्याची कड आकड्याची एक बाजू गिळून टाकते.

असलं एक घड्याळ माझा धाकटा भाऊ एकोणसाठ सालच्या उन्हाळ्यात नागपूरहून घेऊन आला. पाणबुडे वापरतात ते, असं त्याला विकणाऱ्यानं सांगितलं होतं. अस्सल मी एकदाच हाताळलं होतं, सेवाग्रामला आलेल्या एका परदेशी पाहुण्याचं. मी भावाला म्हटलं, पाणबुडे राहू दे, आंघोळीला बसताना काढून ठेवत जा. कापसाच्या जिनिंगमधला त्याचा पगार आणि मनगटावरचा तो गोळा, नाकापेक्षा मोती जड. तो हसला. रोज सकाळी मात्र न चुकता चावी द्यायचा.

जुलैत त्याचं काम सुटलं. दोन ऑगस्टला मी त्याला नको ते बोललो. फुकटचं खाऊन राह्यला, असं म्हणालो, आणि तो जेवत होता. हात धुऊन तो निघून गेला. असा तो आधीही दोनदा गेला होता, म्हणून मी मनावर घेतलं नाही. आई रोज सकाळी म्हणायची, त्याले पाहाले जाय. मी म्हणायचो, मामाकडं तळेगावला असेल, कुठं जातो, भूक लागली की येईल. वर्ध्याच्या बाजारात माझं टेबल होतं, दुरुस्तीला आलेली घड्याळं पडली होती. तो तळेगावला आलाच नाही असा मामाचा निरोप पंधराएक दिवसांनी मिळाला, तेव्हा कुठं मी हललो.

सप्टेंबरात नदीचा पूर ओसरला आणि काठच्या बाभळीत तो सापडला. पाय घसरला की आणखी काय, कोणाला माहीत. ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. फौजदारानं माझ्यापुढं घड्याळ ठेवलं आणि मी हो म्हटलं. मला रडू आलं नाही. काच आतून धुरकटली होती, काटे गंजले होते. पाणी पहिल्या तासातच आत जाऊन घड्याळ थांबलं असणार, एवढं मला कळलं. अस्सल असतं तर तो गेल्यावरही दीड दिवस चालत राहिलं असतं.

पितृपंधरवडा तोंडावर आला होता. ज्याची तिथी माहीत नाही त्याला सर्वपित्रीला जेवायला घालतात. आईला ते नको होतं.

"साऱ्याच्या पंगतीत त्याले काऊन बसवतं?" ती म्हणाली. "त्याची त्याले तिथी दे. तुले घड्याळातलं कळते."

मी तिच्यासमोरच भिंगातून पाहिलं. तीन दिसला. तीन म्हणजे घर सोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणजे मी कितीही धावलो असतो तरी उपयोग नव्हता. मी तीन सांगितला. भटजींनी पंचांग पाहून तिथी काढली, आईनं त्या दिवशी स्वयंपाक केला, कावळाही शिवला.

इंग्रजी आठाची डावी बाजू झाकली तर तीन उरतो. हे घड्याळजीला कोणी शिकवावं लागत नाही. ते भिंग उजवीकडं सरकलेलं होतं हेही मला दिसत होतं. पात्याच्या टोकानं ते उचकटायला दोन मिनिटं लागली असती. मी ती दोन मिनिटं काढली नाहीत, कारण मला तीन हवा होता.

काढली ती दिवाळी झाल्यावर, एका दुपारी, टेबलावर दुसरं काम नव्हतं म्हणून. खाली आठ होता. सहा दिवस तो कुठं तरी होता, रोज सकाळी चावी देत होता, आणि मी इथं बसून दुसऱ्यांची घड्याळं लावत होतो. मी भिंग होतं तसं परत चिकटवलं.

आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. दर वर्षी त्याच तिथीला ती स्वयंपाक करायची, गच्चीवर घास ठेवून यायची आणि मग माझं ताट वाढायची. वाढताना न चुकता म्हणायची,

"दुसऱ्याच दिवशी गेला थो. तू तरी काय करतं बापा?"

आणि मी जेवायचो.