सोसायटीच्या पूजेचे तांदूळ

मी पाट्या चांगल्या लिहितो. हे मी नाही, आमची सोसायटी म्हणते. कात्रजच्या अलीकडची चार मजली, सोळा घरांची इमारत, आणि तिचा मी गेली नऊ वर्षं सेक्रेटरी. ‘गाडी सरळ लावता येत नसल्यास बसने यावे’ ही पाटी माझीच. पाहुणे तिचे फोटो काढून नेतात. एवढ्याशा गोष्टीचा माणसाला किती माज चढू शकतो, ते मला फार उशिरा कळलं.

उंदरांची सुरुवात पार्किंगमधून झाली. चेअरमनच्या नव्या गाडीच्या वायरी कुरतडल्या गेल्या, मग मीटरच्या खोलीतली केबल, मग पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचे पापड. आम्ही पिंजरे आणले, त्यांत कांदाभजी अडकवली. पण सापडलेला उंदीर मारायचा नाही, गणपतीचं वाहन ना! म्हणून तो शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीपाशी नेऊन सोडायचा. शेजारचेही तितकेच धार्मिक. ते त्यांचे आमच्याकडे सोडत. सहा महिने ही देवाणघेवाण भक्तिभावाने चालली होती.

शेवटी मीटिंग बोलावली. तळमजल्यावर, माझ्या घराच्या बरोबर खाली दोन मजले, यवतमाळकडचं एक जोडपं भाड्याने राहत होतं. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा आणि बाई घरी डबे करायची. मागच्या गल्लीतल्या कॉलेजच्या मुलांचे पंधरा-वीस डबे, आणि एक माझा. बायको गेल्यापासून संध्याकाळचं जेवण मी तिच्याच हातचं जेवत होतो. तिखट जरा कमी करा, असं एकदा म्हटलं होतं, तेव्हापासून माझी भाजी ती वेगळी फोडणीला टाकायची.

मीटिंगमध्ये पाच मिनिटांत निकाल लागला. डबे म्हणजे खरकटं आणि खरकटं म्हणजे उंदीर. त्या बाईचं स्वयंपाकघर मीटिंगला आलेल्या एकानेही पाहिलं नव्हतं, माझ्याशिवाय. पिठाचे डबे पत्र्याचे, कचऱ्याच्या बादलीला झाकण, ओटा लख्ख. हे मी सांगायला हवं होतं. पण माझा डबा तिच्याकडून येतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सेक्रेटरी पोळीभाजीला मिंधा झाला असं कुणी म्हणायला नको होतं. म्हणून मी इतरांपेक्षा जास्तच कडक झालो. त्याच दुपारी पाटी लिहिली: ‘या इमारतीत उंदरांच्या जेवणाची सोय कोण करते, हे सर्वांना ठाऊक आहे. संबंधितांनी स्वतःची सोय अन्यत्र पाहावी.’

लोक जिन्यात थांबून वाचत आणि हसत. चेअरमन म्हणाले, “अहो, काय लिहिलंय!” मला बरं वाटलं.

संध्याकाळी ती नेहमीच्या वेळी डबा घेऊन वर आली. पाटीबद्दल चकार शब्द नाही. डबा टीपॉयवर ठेवला आणि म्हणाली, “काकाजी, उंदरं खालून नाही, वरून येऊन राहिले. माझ्या घरची सगळी भोकं मी तारेची घासणी कोंबून सिमेंटनं बुजवली. माझे बाबा दालमिलच्या गोदामावर होते, मला समजते त्यातलं. डक्टमधल्या सांडपाण्याच्या पाइपावर काळा, तेलकट पट्टा आहे. रोज एकाच वाटेनं जातात ना ते, अंगाचा मळ लागते. तो पट्टा माझ्या खिडकीपाशी थांबत नाही, वर जाते. तुम्ही एक डाव पाहा ना. घर गेलं तर डबेही जातीन. पोरं दूर नाही येत जेवाले.”

मी काय उत्तर दिलं? “येऊन राहिले नाही, येतात म्हणावं,” असं म्हणालो. हे लिहितानाही मला माझीच किळस येते.

“बरं जी” म्हणून ती खाली गेली. डब्यात पोळ्या होत्या आणि माझी वेगळी, कमी तिखटाची भाजी. मी ती जेवलोसुद्धा.

घरमालकाने त्यांना घर सोडायला महिन्याची मुदत दिली. ते गेले त्या दिवशी टेम्पोत सामान फारसं नव्हतंच. कणकेचे पत्र्याचे डबे तेवढे सगळ्यांत वर बांधले होते. कुठे जाता, हे मी विचारलं नाही.

उंदीर मात्र गेले नाहीत. पंधरा दिवसांनी दुपारी पेपर वाचत पडलो होतो, तेव्हा माझ्याच स्वयंपाकघराच्या माळ्यावर खुडबुड ऐकू आली. तेव्हा कुठे डक्टची खिडकी उघडून टॉर्च मारला. पट्टा होता. तळमजल्यावरून निघून पाइपाला धरून वर आलेला, आणि पाण्याचा फिल्टर बसवताना पाडलेल्या भोकातून सरळ माझ्या घरात शिरलेला. नळी बोटाएवढी आणि भोक मुठीएवढं. ते मीच पाडून घेतलं होतं आणि मीच तसंच ठेवलं होतं.

शिडी लावून माळ्यावर चढलो. तिथे सोसायटीच्या पूजांचं गाठोडं होतं. सत्यनारायण झाला की चौरंगावरचे तांदूळ, गहू, सुपाऱ्या, खोबरं हे सगळं सेक्रेटरीकडे यायचं. पूजेचं धान्य कचऱ्यात टाकायचं नाही, ते पाण्यात सोडायचं. बायको होती तोवर ती न चुकता नेऊन सोडायची. ती गेल्यावर मी नुसतं वर ठेवत गेलो, बघू कधीतरी म्हणून. गाठोड्याला चारी बाजूंनी भोकं होती. सुपाऱ्या तेवढ्या शिल्लक होत्या. गणपतीच्या मखराचं थर्माकोल कुरतडून केलेल्या घरट्यात गुलाबी, डोळे न उघडलेली सहा पिल्लं होती, आणि सगळीकडे लेंड्या, ओल्या, ताज्या.

उंदरांच्या जेवणाची सोय मी करत होतो. आणि ठाऊक कुणालाच नव्हतं, तिच्याशिवाय.

सगळं पावित्र्य ओल्या कचऱ्यात टाकलं. पिल्लांचं काय केलं ते सांगत नाही. भोकात तारेची घासणी कोंबली, वरून सिमेंट लिंपलं, ती म्हणाली होती अगदी तसंच. महिन्याभरात इमारतीतले उंदीर दिसेनासे झाले.

यंदाच्या पूजेला तळमजल्यावरच्या नव्या भाडेकरूने विचारलं, “इथे उंदीर वगैरे नाहीत ना?” चेअरमन म्हणाले, “होते. यांनी एक पाटी लावली, आणि जायचे ते गेले.” सगळे हसले. मीही हसलो. मग त्यांनी चौरंगावरचे तांदूळ फडक्यात बांधले आणि नेहमीप्रमाणे माझ्या हातात दिले.

तिचा नंबर माझ्याकडे आहे. लावलेला नाही. घरी येऊन पुठ्ठा काढला आणि नवी पाटी लिहिली. आजवरची सगळ्यांत छोटी आणि बिनखोचक: ‘उंदीर माझ्या घरात होते.’ अक्षर चांगलं आलंय. दोन महिने झाले, ती माळ्यावर ठेवली आहे.