माझ्या नावापाशी थांबलेली प्रार्थना

निलगिरी तेलाचा वास आला की के. आर. पुरमच्या घरातली ती संध्याकाळ आठवते. दुसऱ्या दिवशी वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. दुखऱ्या गुडघ्यांना तेल चोळून त्यांनी ते प्रार्थनेला टेकले, शेजारी मी. प्रार्थनेत सगळे डोळे मिटतात, म्हणून मी हळूच फोनवर ऑफिसला उत्तर लिहू लागलो. माझं नाव घेऊन ते थांबले. मी मान वर केली, तर ते माझ्याकडेच पाहत होते. “आमेन,” ते म्हणाले. “ऊठ बाबा, तुझं ऑफिस खोळंबलंय. देव काय, स्वल्प थांबेल.” ऑपरेशनमधून ते परत आले नाहीत. आता मी रोज फोन दुसऱ्या खोलीत ठेवून गुडघे टेकतो, पण विसावा मिळत नाही. माझ्यासाठी ते काय मागणार होते, एवढंच डोक्यात फिरत राहतं.