शिट्टी वाजलीच नव्हती

परतूरच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनावर मी तारबाबू होतो. राज्य हैद्राबादचं, कारभार उर्दूत. मला उर्दू लिहिता-वाचता येई, म्हणून बाहेरून साहेब आला की दुभाष्याचं काम माझ्याकडे येई. हे लिहायला मी चार वेळा बसलो आणि चारही वेळा उठून अंगणात चकरा मारत राहिलो. आज उठायचं नाही असं ठरवलंय.

स्टेशनापासून थोड्या अंतरावर, वळणावर, मेंढरांची वाट रूळ ओलांडून जायची. तिथं फाटक नव्हतं. एका सकाळी मालगाडीखाली एक मेंढपाळ आणि त्याची पुष्कळ मेंढरं सापडली. असे अपघात वाढले होते, म्हणून सरकारनं ठरवलं होतं की प्रत्येक ठिकाणी चौकशी करायची. ओलांडणाऱ्याला इशारा मिळत नसेल, तर तिथं फाटक आणि फाटकवाला द्यायचा.

चौकशीचा साहेब आला. मेलेल्याचा थोरला भाऊ साक्षीला उभा राहिला.

"पूछो, सीटी सुनी थी?"

मी विचारलं.

"न्हाई बाबू. शिट्टी झाली अस्ती तं मेंढरं आधी बुजली अस्ती. मान्सापरीस त्याह्यला जल्दी कळतं. तिथं समदी एका वळीत मरून पडली, एक बी उधळलं न्हाई. मी टेकाडावून बघून राह्यलो होतो."

"इतना लंबा क्या बोला?" साहेबानं विचारलं.

"कहता है, सीटी बजी थी. भेड़ें संभली नहीं."

आणि तसंच लिहिलं.

बाहेर बाकावर गाडीचा ड्रायव्हर मान खाली घालून बसला होता. माझ्या खोलीत बसून भाकरी खाणारा, माझ्या बायकोसाठी जालन्याहून औषध आणून देणारा माणूस. त्याची नोकरी जाऊ नये एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यानं मला एका शब्दानंही विनवलं नव्हतं. स्टेशनमास्तरांनी दबाव टाकला, असं मी घरात आजवर सांगत आलो. ते त्या दिवशी रजेवर होते.

भावानं कागदावर अंगठा दिला. "बराबर लिवलं ना, बाबू?"

"बराबर."

शिपाई त्याला म्हणाला, "मामा, शाई पुसू नका. घरी दाखवा, सरकारदरबारी अंगठा पोचला म्हणून."

फाटक आलं नाही, पाटी आली. तीही उर्दूत. भावानं मला विचारलं, "काय लिवलंय?"

"गाडी बघून जा."

"वळणावर गाडी दिसली अस्ती तं पाटी कशाला लागली अस्ती?"

मी हसल्यासारखं केलं.

काही महिन्यांनी तो पुन्हा आला. "फाटकाचा अर्ज लिवून द्या. तुमचं अक्षर सायबाला कळतं." मी लिहून दिला, मन लावून लिहिला. वाटलं, फाटक मिळालं तर सगळं मिटेल. उत्तर आलं ते जुन्या जबानीची नक्कल जोडून. शिट्टी वाजल्याचं साक्षीदारानंच कबूल केलं आहे, सबब फाटकाची गरज नाही. नकलेवर त्याच्या अंगठ्याची नोंद होती, आणि दुभाषा म्हणून माझं नाव.

तो टेबलासमोर उभा होता. "काय म्हन्त्यात?"

तेव्हा सांगता आलं असतं. त्याच कागदाच्या पाठीवर खुलासा लिहून पाठवता आला असता. ड्रायव्हरची तर बदलीही होऊन गेली होती. आता भीती फक्त माझ्या नोकरीची होती.

"सरकारकडं सध्या खर्चाला पैसा नाही म्हणतात."

"मंग तुमी तरी काय करणार. तुमी लई केलं, बाबू."

दुसऱ्या दिवसापासून तो कळप घेऊन कोसभर वळसा घालून नाल्याच्या पुलाखालून जाऊ लागला. बाकीचे लोक मात्र जुन्याच वाटेनं रूळ ओलांडत राहिले. गाडी सुटल्याची तार पुढच्या स्टेशनाला दिली की मी दारात येऊन वळणाकडं कान लावून उभा राहायचो. काही गाड्या शिट्टी द्यायच्या, काही देत नसत.