नावांच्या जागी अक्षरं

दीपिका नायगावच्या बीडीडी चाळीत वाढली आणि परळच्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळू लागली. तिच्या आईला, कौसल्याला, टीबी झाला तेव्हा हॉस्पिटलमधल्या कुणीतरी ती गोष्ट चाळीत पोहोचवली होती. शेजारणींनी आईच्या हातचा चहा घेणं बंद केलं. पुढे आई गेली, पण तो सल दीपिकाच्या मनात राहिला.

यंदा त्याच हॉस्पिटलचं काम कंपनीकडे आलं. नवं सॉफ्टवेअर तपासायला रुग्णांची माहिती बाहेरच्या लोकांना द्यायची होती.

"आहे तशी पाठव, वेळ नाहीये," तिचे साहेब यशोधन म्हणाले.

"नाही सर. लोकांची दुखणी आहेत ही. नावं बदलूनच जातील."

तिने माहितीची वेगळी प्रत काढली. नावांच्या जागी रँडम अक्षरं आणि फोनच्या जागी रँडम आकडे भरणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, लिहिली. पहिल्या खेपेला सगळ्या रुग्णांना एकच नाव मिळालं, कारण अक्षरं एकदाच निवडली जात होती. प्रत्येकासाठी ती नव्याने निवडली जातील अशी दुरुस्ती तिने केली आणि मूळ नावं परत आणली. तेव्हा त्यांत तिला आईचं नाव दिसलं.

एवढं एक नाव राहू द्यावं, असं तिला वाटून गेलं. मग तिने क्वेरी चालवली. आईच्या नावाच्या जागी कसलाच अर्थ नसलेली अक्षरं आली. दीपिका खिडकीशी गेली आणि आईमागे पहिल्यांदाच मनमोकळी रडली.

"झालं का गं?" साहेबांनी हळूच विचारलं.

"झालं सर," ती डोळे पुसत म्हणाली. "आता खुशाल पाठवा."